काळं तेल

सडक अर्जुनीजवळ हायवेवर ढाबा चालवणाऱ्या गजेंद्रनं आजोबांच्या अॅम्बेसेडरचं इंजिन नव्यानं बांधून घेतलं आणि तेव्हापासून त्याला तेलाशिवाय दुसरा विषय उरला नाही. जुना फिल्टर नीट गाळत नाही म्हणून त्यानं नागपूरहून नवा आणवला. तेल जरा काळसर दिसलं की सगळं काढून टाकायचा. "इंजिनाले काळं तेल म्हणजे जहर," असं गिऱ्हाइकांना ऐकवायचा.

भजी तळणारी शामकला डांबरासारख्या तेलात झारा फिरवत हे ऐकायची आणि मनातल्या मनात थुंकायची. तिनं एकदा कढईसाठी नवं तेल मागितलं, तर म्हणाला, "कायले? फडक्यानं गाळून घे. लोकं खाऊनच राहिले ना."

रविवारी गोंदियाहून जुन्या गाड्यांची शौकीन मंडळी अॅम्बेसेडर बघायला आली. फिल्टरचं कौतुक ऐकून झाल्यावर ती भज्यांवर तुटून पडली. शामकलानं मुद्दाम, सगळ्यांदेखत, मालकासमोरही एक भरलेली प्लेट ठेवली.

गजेंद्रनं ती बोटानं बाजूला सारली.

"मले नको. माझा डबा घरून येते."