सहलीचा पाचवा थांबा

समोरून एक गोरी बाई कुत्र्याला फिरवत आली आणि ल्युशस ट्रॅमेल फुटपाथवरून खाली रस्त्यात उतरला. डोक्यावरची टोपीही त्याने काढली. बाई हसली, "काय उकडतंय ना?" म्हणाली आणि पुढे गेली. सहलीतली मंडळी बघतच राहिली.

"अहो काका, वर या!" गाइड व्हर्डेल म्हणाली. "गोऱ्यांसाठी रस्त्यात उतरायचे दिवस गेले. आता उगाच गाडीखाली याल."

सगळे हसले. ल्युशसही हसला, पण बाई वळणाआड जाईपर्यंत टोपी त्याने हातातच ठेवली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा काळा माणूस. डेट्रॉइटला मोटारीच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढलेला, तीन नातवंडांचा आजोबा. पण अलाबामातल्या या टर्नर्स बेंड गावात बस शिरली आणि तो पुन्हा सतरा वर्षांचा झाला.

सतराव्या वर्षी त्याच्या हातून एकच गुन्हा घडला होता. कापसाच्या जिनिंगमध्ये गोऱ्या मालकाच्या मुलाने त्याच्या थोबाडीत मारली आणि याने ती परत केली. त्यानंतर घरी जायची सोयच नव्हती. तो तसाच मालगाडीत चढला. आईला पत्र लिहिलं नाही, कारण गावातल्या काळ्यांची पत्रं पोस्टमास्तर आधी वाचायचा, आणि पोस्टमास्तर जिनिंगवाल्याचा मेहुणा. डेट्रॉइटमध्ये त्याने 'जो ग्रीन' हे नाव घेतलं. आई गेल्याचं त्याला फार उशिरा, उडत उडत कळलं. आपला मुलगा जिवंत आहे, एवढं तरी तिला ठाऊक होतं का? हेच विचारायला तो आला होता आणि विचारायची त्याची छाती होत नव्हती.

त्याच्या मागावर असलेले सगळे एव्हाना मातीत गेले असणार. हे त्याला कळत होतं, त्याच्या भीतीला कळत नव्हतं. काळ्या मुलांची जुनी शाळा बघून झाली, न्हाव्याचं दुकान झालं. कोर्टासमोर उभा असलेला पोलीस चांगला काळाकुळकुळीत होता, तरी ल्युशसने त्याच्याकडे पाठ केली. व्हर्डेलने पाहुण्यांची वही पुढे केली तेव्हा त्याने 'जो ग्रीन' लिहिलं. अक्षर त्याचं त्यालाच लागेना.

पाचवा थांबा चर्चमागच्या कबरस्तानात होता. व्हर्डेल एका बुटक्या सिमेंटच्या दगडापाशी थांबली. ल्युशसने दगडावरचं नाव वाचलं. ल्युशस ट्रॅमेल. खाली साल होतं, तो पळाला ते. दगडाच्या पायथ्याशी एक कप पालथा घातलेला होता.

"सतरा वर्षांचं पोर," व्हर्डेल सांगू लागली. "चार दिवस शेरीफची माणसं कुत्री घेऊन त्याला हुडकत होती. घरोघर झडत्या, मारहाण. पाचव्या दिवशी त्याची आई, मिस ऑरी, नदीवरून शवपेटी घेऊन आली. म्हणाली, बुडालेला सापडला. पेटी कुणाला उघडू दिली नाही. इथे पुरलं, तेव्हा कुठे ती कुत्री परत गेली."

ल्युशसने मनाशी हिशेब जुळवला. म्हणजे नदीत कुणाचं तरी प्रेत मिळालं असेल आणि आईने ते पोराचंच धरलं असेल. ती या दगडाशी बसून रडली आणि आपण तिकडे लग्न केलं, नाचलो, जेवलो. इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली, नेमकं तेच झालं होतं. यापेक्षा शेरीफच्या हाती लागलो असतो तर बरं, असं त्याला वाटून गेलं.

"हा कप अख्खा कसा राहिला?" सहलीतल्या एका तरुणीने विचारलं. "बाकीच्या थडग्यांवरचे तर सगळे फुटलेत."

"फुटले नाहीत, फोडलेत," व्हर्डेल म्हणाली. "मेलेल्याचं भांडं त्याच्या थडग्यावर ठेवायचं, पण फोडून. अख्खं ठेवलं तर तो घरातल्या आणखी कुणाला तरी बोलावून नेतो. माझी आजी मिस ऑरीला सांगून सांगून थकली. 'फोड गं बाई, घरात दुसरं मढं पडेल.' पण ती कसली ऐकते! दर रविवारी चर्च सुटलं की यायची, कप धुवायची, पुसायची आणि परत पालथा घालायची. म्हणायची, 'फोडला तर माझं पोरगं आल्यावर कॉफी कशात पिईल?'" व्हर्डेलने उसासा टाकला. "दुःखानं डोकं फिरलं होतं बिचारीचं."

ल्युशस गुडघ्यांवर बसला. म्हणजे पेटी रिकामीच होती. त्याने कप उचलून सुलटा केला. आत चिकटलेली माती अंगठ्याने पुसून काढली.

"तिचं डोकं ठिकाणावर होतं," तो सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. "हा कप माझा आहे, बाई."