डाव्या बुटाचं टोक

गुलमंडीच्या मोच्यानं माझे सगळे जोड समोर मांडले. कोर्टाचे काळे बूट, सँडल, देवळात जायच्या चपला.

"वकीलसाहेब, हे कुणाचे?"

"माझेच."

"नाय. ह्यो माणूस डावा पाय ओढतो. बघा, प्रत्येक जोडात डाव्याचंच टोक घासलंय."

मी सरळ चालतो. पाय ओढायचा तो माझा धाकटा भाऊ, हेमचंद्र. तो गेला तेव्हा तेराव्याला त्याच्या नावानं नवे बूट दान द्यायचे होते. पुढच्या वाटेवर तापलेली वाळू असते, पाय पोळू नयेत म्हणून. आणलेले बूट मी सहज घालून पाहिले. छान बसले. ते मीच ठेवले आणि गुरुजींना माझे जुने पॉलिश करून दिले. कुणाला कळलं नाही.

मोच्याकडून उठलो तो थेट दुकानात गेलो, हेमचंद्रच्या मापाचे बूट घेतले. उद्याच गुरुजींकडे पोचवणार होतो.

घरी दमयंतीनं खोकं उघडलं.

"अहो, दुकानदारानं वापरलेले दिले की तुम्हाला!"

डाव्या बुटाचं टोक पार घासलेलं होतं. मी आत हात घातला आणि झटक्यात बाहेर ओढला.

बूट आतून पोळत होता.