घराची एकच पत

शाल्मलीच्या आईच्या श्वासयंत्रावरचा हिरवा आकडा सकाळी ७४१ होता. दुपारी तो ७०६ झाला. हा आकडा म्हणजे बँकांच्या लेखी असलेली पत; साऱ्या घराची मिळून ती एकच धरली जाई, आणि ती सातशेखाली गेली की यंत्र बंद होई.

"हेरंब, पुन्हा कार्डासाठी अर्ज केलास?" तिने नवऱ्याला विचारले.

"अगं, जुनी थकबाकी नव्या कार्डावर वळवली की व्याज वाचतं. एका बँकेने नाकारलं, म्हणून आणखी पाच ठिकाणी केला."

"प्रत्येक अर्जाला सात गुण जातात रे!"

"चढतील गं परत. एकच बँक तपासायची राहिलीय."

म्हणजे ६९९. आई तिच्याकडेच पाहत होती. शाल्मलीने यंत्राचे नोंदणीचे बटण दाबले आणि तीन वर्षे ओठांवर अडलेले वाक्य उच्चारले, "माझं आणि आईचं नाव ह्याच्या घरातून वेगळं करा."