सुट्टीतला फोन

फोन वाजला तेव्हा शेंडेफळाच्या हातात दुसरा ग्लास होता, आणि तोही अर्ध्यावर आलेला.

अंगाने तो चांगला दांडगा गडी. पण मालट्रकच्या त्या डेपोत सगळ्यांत शेवटी लागलेला ड्रायव्हर, म्हणून त्याला सगळे शेंडेफळ म्हणत. काल त्याला मुलगी झाली. आज सुट्टी होती. दुपारी दवाखान्यातून तो घरी आला, तर मेहुणा बाटली घेऊन गच्चीवर हजर. "दाजी, मामा झालोय मी! आज नाही म्हणालात तर बोलणारच नाही." शेंडेफळानेही फार ताणलं नाही. डेपोचा नियम त्याला पाठ होता. सुट्टीत काय करायचं ते करा, पण घेतल्यावर मध्ये अख्खी रात्र गेल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही. आणि त्याची पुढची फेरी तर उद्या सकाळी होती.

फोनवर ताई होत्या. डेपोत फेऱ्या वाटायचं आणि चाव्या द्यायचं काम त्यांचं. भले भले ड्रायव्हर त्यांना टरकून असत.

"तासाभरात ये," ताई म्हणाल्या. "लांबची फेरी आहे, माल अडकलाय, दुसरं कुणी नाही. तुझीच गाडी काढायचीय. गेटवरचं फुंकायचं मशीन बंद पडलंय, तिथे थांबू नकोस. सरळ माझ्याकडून चावी घे. आणि तुला कायम करायचं की नाही, ते याच आठवड्यात ठरतंय. कळलं ना?"

न कळायला काय झालं! शेंडेफळाच्या तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्या कुणाला त्याने काहीतरी थाप मारली असती. पण ताईंना? काल सकाळी तो गाडी सुरू करणार, तेवढ्यात घरून निरोप आला की बायकोच्या पोटात दुखायला लागलंय आणि बाळ आडवं आहे. ताईंनी एक शब्द न विचारता त्याच्या हातातली चावी काढून घेतली. त्याची फेरी दुसऱ्याच्या गाडीवर चढवली आणि स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवून त्याला दवाखान्यात पोहोचवलं. एवढा मोठा बाप्या त्या इवल्याशा स्कूटरवर, सगळा डेपो पोट धरून हसला. पण तो वेळेवर पोहोचला. मायलेकी सुखरूप होत्या. त्या बाईचे पांग कसे फेडावेत, हेच तो कालपासून मनात घोळवत होता. आणि आज त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं होतं.

"दोनच तर पेग!" मेहुणा कानाशी कुजबुजला. "लवंग चावा, तोंडावर पाणी मारा. मशीनही बंद आहे. देव पावला समजा."

शेंडेफळाने ग्लास कठड्यावर ठेवला आणि हात डोळ्यांसमोर धरला. हात जरासुद्धा थरथरत नव्हता. आपण अगदी ठीक आहोत, असं त्याला मनापासून वाटलं. नेमकी त्याचीच त्याला भीती वाटली.

"ताई, मी घेतलीय."



"किती?"

"किती का असेना. तुमचं मन मोडतोय, मला माफ करा. पण मी येणार नाही."

"बरं," ताई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला, हे कळायला त्याला मेहुण्याचा चेहरा बघायची गरज नव्हती. उरलेली बाटली तशीच राहिली. रात्र त्याने कूस बदलत काढली. नोकरीपेक्षाही त्याला ताईंचं ते कोरडं 'बरं' जास्त लागलं होतं.

सकाळी डेपोच्या गेटवर त्याने मशीनमध्ये फुंकलं. हिरवा दिवा लागला.

"दुरुस्त झालं वाटतं?" त्याने वॉचमनला विचारलं.

"बिघडलं कधी होतं?" वॉचमन म्हणाला. "काल दिवसभर सगळे फुंकूनच गेलेत."

आवारात त्याचा ट्रक जागच्या जागी उभा होता. समोरच्या काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'शेंडेफळ बाप झाला!' वॉचमन हसला. "काल दुपारी पोरांनी केलेला उद्योग." अक्षरं जशीच्या तशी होती. काचेवरून वायपरसुद्धा फिरला नव्हता.

तो तडक ऑफिसात गेला. ताई खिळ्यांवर चाव्या अडकवत होत्या.

"ताई, कालची फेरी कुणी नेली?"

"कुठली फेरी?" त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"म्हणजे फोन खोटा होता?" त्याचा आवाज चढला. "माझी परीक्षा घेतलीत?"

"नव्याने लागलेल्या प्रत्येकाची एकदा घेते. तो घरी आनंदात असेल असा दिवस बघून."

"आणि जो येतो तो?"

"त्याला गेटवर मशीन अडवतं. जिवंत घरी जातो. न पिता आला तर चहा पाजते." ताई वळल्या. "साहेबांशी काल संध्याकाळीच बोलले मी. कायम झालास."

रागवावं की पाया पडावं, हे शेंडेफळाला कळेना. काल तो निघता निघता राहिला होता, हे त्याचं त्यालाच ठाऊक होतं. अर्धा ग्लास कमी प्यायला असता, तर गेलाच असता. दवाखान्यात पाहिलेली मुलीची मिटलेली मूठ त्याला आठवली आणि डोळे भरून आले.

"फार उपकार झाले, ताई," तो म्हणाला.

"उपकार कसले." ताईंनी त्याच्या ट्रकची चावी त्याच्या तळहातावर ठेवली. पण लगेच सोडली नाही. "मुलगी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या भावालाही असाच फोन आला होता. फक्त तो फोन खरा होता."