मुलीच्या नावानं पाचशेवीस

“आणि नेटवरच्या बोलण्यात हे कलिंगड कशाला आलं मध्येच?” भाताचा वाडगा खाली ठेवत दू मानहुआनं विचारलं.

“दुसऱ्याची भानगड मजेत बघणं म्हणजे कलिंगड खाणं,” वानछिंग म्हणाली. “पूर्वी नेटवर भांडण जुंपलं, की कुणीतरी लिहायचं, तमाशा बघायला पुढच्या रांगेत कलिंगडाच्या भाजलेल्या बिया मिळतील. त्या बियांचं पुढे कलिंगड झालं.”

“रिकामटेकडे मेले!”

मानहुआ लेकीकडून ही नेटवरची भाषा शिकत होती ते उगाच नाही. वानछिंग तेहेतिसाची झाली तरी लग्नाचं नाव काढत नव्हती. मानहुआचा नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. आपल्यामागे पोर एकटी राहील, या विचारानं मानहुआचा जीव तुटायचा. म्हणून दर रविवारी ती शांघायच्या मोठ्या बागेत जायची. तिथे आईबाप उघड्या छत्र्यांवर मुलामुलींची माहिती चिकटवून सोयरीक शोधत बसतात.

एका रविवारी तिच्या नेहमीच्या बाकाशेजारी निळी छत्री होती, जवळ कुणी नव्हतं. कागदावर एवढंच: फान, ड्रॅगन वर्षाचा जन्म, स्वतःचं घर, मासे उत्तम करतो. ड्रॅगन वर्ष दर बारा वर्षांनी फिरून येतं; मानहुआनं बोटांवर मोजलं. छत्तीस. वा, अगदी जुळतंय! तिनं खालचा नंबर घेतला आणि मुलीच्या नावानं लिहायला लागली. त्यात लाजायचं काय? निम्मे आईबाप हेच करतात.

फान मोठा गुणी निघाला. नव्या पोरांची भाषा झोकात लिहायचा आणि वर जिना चढताना गुडघे जपा म्हणायचा. मानहुआ कुठे अडली, की वानछिंगला गाठायची. तीही न कंटाळता सांगायची.

“पाचशेवीस म्हणजे गं?”

“आपल्या भाषेत हे आकडे भराभर म्हटले, की ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं ऐकू येतं. पेजरच्या काळातली युक्ती. कुणी पाठवलं तुला?”

“मला कोण पाठवतंय! बागेतल्या बायका बोलत होत्या.”

“मग सांग त्यांना, उलट पाचशे एकवीस पाठवा. म्हणजे, माझंही.”

मानहुआनं लगेच पाठवलं. शनिवारी बागेतल्या चहाघरात भेटायचं ठरलं. आधी आपण पारखायचं, खरं काय ते सांगायचं, मग पोरीला पुढे करायचं. तिनं केससुद्धा रंगवून घेतले. होणाऱ्या सासूनं गबाळं दिसून कसं चालेल?

खिडकीशी बसलेले एक पिकल्या केसांचे गृहस्थ तिला बघून उभे राहिले.

“मुलगा नाही आला?” तिनं विचारलं.

“मुलगा कुठला? मीच फान.”

“अहो, पण ड्रॅगन वर्ष...”

“बरोबर. यंदा साठ पूर्ण झाली.”

मानहुआचं डोकंच फिरलं. “शरम नाही वाटत? माझ्या तेहेतीस वर्षांच्या पोरीला पाचशेवीस लिहिता!”

फाननं शांतपणे तिच्यासाठी खुर्ची ओढली.

“तिला कशाला लिहीन, बाई? ती छत्री तुमच्या मुलीनंच लावली होती, तुमच्यासाठी. आणि पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, आई माझ्या नावानं लिहील, हसू नका.”