अर्धा कोयता

"मळा?"

"मळे!"

"ओढा?"

"ओढे!"

"कोयता?"

"कोयते!" सातवीचा वर्ग एका सुरात ओरडला.

हनुमंत सरांनी फळ्यावर लिहिलं. एकवचन कोयता, अनेकवचन कोयते. हा धडा त्यांनी झोपेतही शिकवला असता.

"चुकलं सर," मागून अमीर म्हणाला. "एक कोयता म्हंजी दोन मानसं. माझ्या अम्मी-अब्बाला मुकादम एकच कोयता धरतो."

वर्ग हसला. सरही हसले. पाथर्डीकडची शाळा. दसरा झाला होता आणि निम्म्या घरांत ऊसतोडीला जायची बांधाबांध चालली होती.

"मुकादमाचं व्याकरण वेगळं असतं, अमीर. त्याच्याकडं नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पेपरात मात्र माझंच लिहायचं."

तेवढ्यात पुंजाराम दारात आला. आरतीचा बाप. आषाढात त्याची बायको मुक्ताबाई गेली होती.

"सर, आरतीला न्यायला आलो. उद्या टोळी निघती."

"आजी आहे ना घरी? तिच्याजवळ राहू द्या पोरीला."

"मुकादम अर्धा कोयता नेत न्हाई. पोरगी संगं घेतली तर पुरा धरतो म्हनला."

"कोयता नवरा-बायकोचा असतो, पुंजाराम. लेकीचा नसतो." सरांचा आवाज चढला. "तिचं वय शाळेचं आहे. मी सोडणार नाही तिला."

आरतीनं बाक घट्ट धरला होता. पुंजारामनं पुढं होऊन तिचं दप्तर उचललं.

"तुमचं बरं हाय सर. घरी गेलं की ताट वाढलेलं असतं. मानूस अर्धा झाल्यावर काय हुतं, ते तुमाला न्हाई कळायचं."

सरांनी हातातला खडू खाली ठेवला.

पहिल्या बाकावरची शरिफा उठून उभी राहिली. "काका, सरबी अर्धेच हायेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाई वारल्या त्यांच्या."

पुंजाराम सरांकडं बघतच राहिला. दप्तर त्याच्या हातात तसंच लोंबकळत होतं.

"मंग भाकरी कोन थापतं?"

"मीच."

"जमती?"

"एका बाजूनं करपते. तशीच खातो आणि घंटेच्या आत शाळेत येतो."

पुंजारामला हसू फुटलं. त्यानं दप्तर आरतीपुढं ठेवलं.

"शेजारचा श्रीमंत, नावाचाच श्रीमंत, यंदा एकटाच हाय. बायको बाळंतीन हाय त्याची. त्यालाबी मुकादम अर्धा म्हनून नको म्हनतोय. आमी दोघं जोडी लावतो. दोन अर्धे मिळून पुरा कोयता झाला का न्हाई?"

"झाला की," सर म्हणाले. "पण दोघांत भाकरी कोण थापणार?"

"मी," पुंजाराम ताठ होऊन म्हणाला. "श्रीमंत खाईल करपलेली."