लिहून द्या

कॉम्प्रेसरला वीज जोडणारा कॉन्टॅक्टर नुसता घुरघुरत होता, पकडत नव्हता. तो पकडेपर्यंत कॉम्प्रेसर चालणार नव्हता, आणि शीतघरात चार हजार कप आइस्क्रीम मऊ पडायला लागलं होतं.

जावई पॅनेलशेजारी उभे होते. कारखाना सासऱ्यांचा. सासरे आल्या आल्या एवढंच म्हणाले होते, "काल चालत होतं. मध्ये ज्यानं हात घातला असेल, तो उद्यापासून घरी." जावई घरजावई होते. घरही सासऱ्यांचंच होतं.

हात जावयांनीच घातला होता. कॉन्टॅक्टरची जुनी कॉइल जरा कुरकुरत होती. वायरमनवाचून आपलं अडत नाही हे दाखवायला त्यांनी सकाळी, कोणी यायच्या आत, ड्रॉवरमधली नवी बसवली. जुनी काढताना तुटली. नवी चारशे पंधरा व्होल्टची होती आणि पॅनेलमध्ये येत होते दोनशे तीस. हे त्यांनी नंतर खोक्यावर वाचलं.

वायरमनकाकांनी मीटर लावला. वीज येत होती. कॉइलही धडधाकट दिसत होती. ते जावयांकडे वळले.

"साहेब, याला कोणी हात लावला होता?"

"छे."

काका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग पुन्हा, त्याच सुरात, "कोणी हात लावला होता का?"

"म्हणजे... धूळ पुसली होती मी. वरवर."

काकांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. पस्तीस वर्षं विजेशी संसार केलेला माणूस. खोटं बोललेलं याला झटक्यासारखं कळत असणार, असं जावयांना वाटलं.

"हात कोणी लावला होता, साहेब?"

जावयांनी सगळं ओकून टाकलं. ड्रॉवर, खोकं, तुटलेली कॉइल, काही म्हणजे काही ठेवलं नाही.

काका सगळं संपेपर्यंत शांत उभे राहिले. मग खिशातून पुठ्ठ्याचं एक रिकामं पाकीट काढलं, कोरी बाजू वर करून पुढे धरलं. म्हणाले, "लिहून द्या."

जावयांनी लिहिलं, 'आज सकाळी कॉइल मी बदलली. चारशे पंधराची लावली. बाबांना सांगू नका.' सवयीनं खाली सहीही केली.

काकांनी वाचलं, मान डोलावली आणि पिशवीतून दोनशे तीसची कॉइल काढली. दहा मिनिटांत कॉन्टॅक्टरनं खाडकन पकडलं. कॉम्प्रेसर गरजला. काकांनी मात्र त्यावर तळहात टेकवला, आणि मगच ते हसले.

सासरे दारात आले. "काय झालं होतं?"

काकांनी पिशवी आवरली. खिशातलं पाकीट काढून सासऱ्यांच्या हातात ठेवलं. "तेवढं मागवून द्या, शेठ."

जावयांनी डोळे मिटले.

सासऱ्यांनी चष्मा लावून वाचलं आणि चक्क हसले. "जावईबापू, पळा बाजारात. कानातल्या यंत्राचे सेल हवेत. यांचे संपलेले दिसतायत. बिचाऱ्यांना सकाळपासून आपलं एक अक्षर ऐकू आलेलं नाही."

जावयांच्या जिवात जीव आला. उत्साहानं त्यांनी चपला पायात सरकवल्या.

"किती नंबरचे आणू, बाबा?"

"मागे लिहिलं असेल," सासरे म्हणाले आणि त्यांनी पाकीट उलटलं.